तिला सेकंड ट्रिपला टाकलं

थांबा, हे मला आत्ताच लिहायचंय. आत्ता म्हणजे इथेच मेट्रोत बसून, घरी पोचायच्या आत, फोनवर, अंगठ्यांनी, टायपिंगच्या चुका असतील तर असू देत. नंतर लिहू म्हटलं तर मी लिहिणार नाही, मला माहितीये मी कशी आहे.

झालं काय, मघाशी इथेच आईचा फोन आला. समोर एक बाई पोराला मांडीवर घेऊन केळं भरवत होती आणि त्यातलं अर्धं केळं माझ्या बुटावर. मी मराठीत सुरू केलं, "अगं, ही समोरची बाई ना…" आणि तिथेच थांबले. आई म्हणाली, "काय गं? काय झालं?" मी म्हटलं काही नाही, रेंज गेली होती. रेंज गेली नव्हती. मी दिल्लीत कुणाच्या समोर त्याच्याबद्दल मराठीत बोलत नाही. चौथीपासून नाही. आणि का नाही, हे मी कुणालाच सांगितलेलं नाहीये, ज्या मैत्रिणींना मी माझ्या जेवणाचेसुद्धा फोटो पाठवते त्यांनाही नाही. तर सांगते.

दिल्लीतल्या मराठी लोकांना हे लगेच कळेल. आपल्या सगळ्यांच्या घरात ही सवय असते की बाहेर मराठीत काहीही बोलायचं, कारण कुणाला कळणार नाहीये. सरोजिनी नगरला दुकानदाराच्या तोंडावर आई म्हणायची, "हा फसवतोय, तू कंटाळल्यासारखं तोंड कर, मी निघायचं नाटक करते." बाबांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी जेवायला गेलो की बाबा पनीर वाढून घेता घेता हसत हसत म्हणणार, "या पनीरला वास येतोय, नुसती ग्रेव्ही खा." आणि त्या घरच्या बाई विचारणार, "क्या कह रहे हैं भाईसाहब?" आणि आई म्हणणार, "कह रहे हैं बहुत स्वाद है." हे आम्हाला इतकं छान जमायचं की आम्ही घरी येऊन त्यावर परत हसायचो. मुख्य नियम एकच होता. चेहरा हसरा ठेवायचा.

आता शाळा. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, बाबा मिनिस्ट्रीत, आणि मी जायचे एका प्रायव्हेट शाळेत. त्या शाळेत दुपारची पण एक शिफ्ट होती. ती ईडब्ल्यूएसवाल्या मुलांची, म्हणजे गरीब घरातली, कोट्यातून आलेली मुलं. शाळा तीच, बेंच तेच, फळा तोच. आम्ही सुटून बसमध्ये बसत असायचो तेव्हा ती मुलं गेटबाहेर लाइन लावून उभी असायची, आम्ही गेलो की आत यायची. सकाळी कधीकधी माझ्या डेस्कच्या आत पेन्सिलीची सालं असायची, एकदा अर्धं खोडरबर होतं. मी ते वापरून टाकलं. ते कुणाचं असेल असं वगैरे काही माझ्या मनात आलं नाही.

मग कोर्टाची ऑर्डर आली. कुठल्या कोर्टाची, काय लिहिलं होतं, मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता शोधून बघायची इच्छा होत नाही. आमच्यापर्यंत जे पोचलं ते एवढंच की आता शिफ्ट वेगळी नाही, सगळ्यांनी एका वर्गात बसायचं, आणि शाळेनं त्या मुलांना बसनं पण आणायचं. उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि माझ्या वर्गात सात मुलं वाढली.

त्यातली एक आमच्याच स्टॉपवर यायची. आमच्या क्वार्टरच्या मागच्या नाल्यापलीकडे वस्ती होती, तिथून. आणि आमच्या बसमध्ये, सात नंबर, सीटा ठरलेल्या असायच्या. वर्षाच्या सुरुवातीला जी तुझी पार्टनर ती वर्षभर. माझ्या पार्टनरच्या पप्पांची बदली झाली होती, म्हणून माझ्या शेजारची सीट रिकामी होती, आख्ख्या बसमध्ये तेवढी एकच. बसवाल्या मॅडमनी तिला तिथे बसवलं.

पहिल्या दिवशी स्टॉपवर तिची आई तिला सोडायला आली होती. बारीक, उंच, साडीचा पदर कमरेला खोचलेला. तिनं माझ्या आईला "नमस्ते दीदी" म्हटलं. माझ्या आईनं पण नमस्ते केलं, एकदम नीट. आणि मग माझ्या वेणीची रिबन सारखी करत, त्या दोघींकडे बघून गोड हसत, मला म्हणाली, "हे बघ, हिच्या डोक्याला डोकं लावून बसू नकोस. उवा असणार. आणि डबा शेअर करायचा नाही, कळलं? सांग हो म्हणून." मी म्हटलं, "हो." ती मुलगी आपल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती आणि बंद करत होती.

तर ती माझ्या शेजारी बसायला लागली. तेल लावून घट्ट, अगदी कपाळ ओढलं जाईल इतक्या घट्ट दोन वेण्या. आणि ती सबंध वेळ डोकं पलीकडे धरून बसायची. म्हणजे सीटच्या कडेवर, आयलकडे मान कललेली. बस वळली आणि सगळे एका बाजूला घसरले तरी ती हातानं पुढचा दांडा पकडून स्वतःला तिकडेच ठेवायची. मला वाटायचं, काय नखरे आहेत हिचे! मी तिला एकदा विचारलं पण, "गर्दन में दर्द है क्या?" ती म्हणाली, "नहीं तो."

डबा पण ती कधी माझ्यासमोर उघडायची नाही. मी थालीपीठ पुढे केलं एकदा, आईचं न ऐकता, मुद्दाम. तिनं त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "नहीं, तुम्हारी मम्मी डाँटेंगी." मी म्हटलं, "उनको कैसे पता चलेगा?" तिनं परत बाटलीचं झाकण फिरवलं.

पण मला गप्प बसता येत नाही, आताही येत नाही, तेव्हा तर बिल्कुल येत नव्हतं. महिनाभरात मी तिला सगळं सांगून टाकलं होतं. मला स्पेलिंगमध्ये किती मिळाले, आमच्याकडे पाहुणे कोण आले, बाबा घोरतात कसे. तिला माझी घोरण्याची नक्कल फार आवडायची, ती रोज मागायची. "आज पापा का खर्राटा सुनाओ." ती हसायची तेव्हा सुद्धा डोकं तिकडेच. गणितात ती माझ्यापेक्षा पुढे होती. तिला आठ ते पंधरा सगळे पाढे यायचे आणि बसमध्ये ती माझ्याकडून घोकून घ्यायची. तेराचा मला तिच्यामुळे येतो. एवढी आमची मैत्री, बसपुरती. उतरलो की वर्गात ती तिच्या त्या सहा जणांबरोबर बसायची, मी माझ्या ग्रुपबरोबर. असं कुणी सांगितलं नव्हतं.

स्टॉपवरच्या बाकीच्या आयांना हे सगळं आवडलं नव्हतंच. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक आंटी होत्या, त्या सगळ्यांच्या पुढारी. संध्याकाळी पार्कमध्ये बाकावर सगळ्या बसायच्या, आणि तिथे हा एकच विषय. बस दोन फेऱ्या मारायची, फर्स्ट ट्रिप आणि सेकंड ट्रिप. सेकंड ट्रिप लांबच्या, फरीदाबादच्या बाजूच्या स्टाफच्या मुलांसाठी होती आणि ती शाळेत पोचेपर्यंत पहिला तास संपत आलेला असायचा. आंटींचं म्हणणं, त्या मुलीला सेकंड ट्रिपला टाका. "कोर्ट ने क्लास का बोला है, ट्रिप का थोड़ी ना बोला है." सगळ्या हसल्या. माझी आई पण हसली. आई त्या बाकावर नेहमी टोकाला बसायची. तिचं हिंदी तेव्हा जरा अडखळायचं, आणि आंटी तिला "मराठी मैडम" म्हणायच्या, प्रेमानं म्हणायच्या की कसं, मला सांगता येणार नाही.

दिवाळीला आम्ही पुण्याला मामाकडे गेलो. पाच मावस-मामे भावंडं, एकच मोठी गादी, रात्रंदिवस दंगा. निघायच्या आदल्या दिवशी मामीनं सगळ्या मुलींना अंगणात उन्हात ओळीनं बसवलं आणि बारीक फणी फिरवली. पांढऱ्या कागदावर पडलेलं आम्ही सगळ्यांनी बघितलं. आईनंही बघितलं. मामी म्हणाली, "शाळेतून आणते गं आमची धाकटी, काय करू." मी गाडीत दिल्लीपर्यंत डोकं खाजवत आले. औषध लावलं होतं तरी.

म्हणजे मला माहीत होतं. आईला माहीत होतं. हे मी आत्ताच स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे कुणी असं म्हणू नये की गैरसमज झाला.

आल्यावर दोन-तीन दिवसांनी पार्कमध्ये मी आईच्या पायाशी बसले होते आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवत होते. आंटींनी बघितलं. "अरे बेटा, सिर में कुछ हो गया क्या?" आणि सगळ्या थोड्याशा, अगदी थोड्याशा, बाकावर पलीकडे सरकल्या. आईचा चेहरा लाल झाला. मला तो चेहरा अजून दिसतो. तिनं माझा हात डोक्यावरून खाली ओढला आणि म्हणाली, "वो… बस में… बगल में बैठती है ना वो."

बस. एवढंच. वाक्य पूर्णही नाही.

"देखा!" आंटी म्हणाल्या. "मैं कब से कह रही हूँ! आप लिख के दो. आप लिख के दोगी तभी कुछ होगा, आपकी बेटी के साथ हुआ है." आणि त्यांनी आईला आपल्या शेजारी जागा करून दिली, बाकाच्या मधोमध. आई तिथे जाऊन बसली.

त्या रात्री आईनं माझ्या शाळेच्या डायरीत चिठ्ठी लिहिली. इंग्लिशमध्ये, बाबांकडून दोन स्पेलिंग विचारून. बाबांनी विचारलं, "पुण्याहून नाही का आल्या?" आई म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसा." ते गप्प बसले. मी समोर बसून रंगकाम करत होते. मीही गप्प.

सकाळी स्टॉपवर फक्त आम्ही चौघीच लवकर पोचलो होतो. मी, आई, ती, तिची आई. थंडी सुरू झाली होती, तिच्याकडे शाळेचा ब्लेझर नव्हता, आतून दोन स्वेटर घालायची. आई माझा मफलर गुंडाळत होती. चेहरा हसरा. आणि त्या दोघींच्या समोर, दोन हातांवर, आई मला म्हणाली, "डायरीत चिठ्ठी आहे, बसमध्ये चढलीस की लगेच मॅडमना दे. म्हणजे उद्यापासून ही सेकंड ट्रिपला जाईल. आणि विचारलं तर सांगायचं की हिच्यामुळेच उवा झाल्या. पुण्याचं नाव काढायचं नाही."

मी हो म्हणणार होते.

"न्हाईत ओ ताई तिच्या डोक्यात." तिची आई बोलली. हळू, समजावल्यासारखं. "रोज इंचरते मी. लिखासुदिक न्हाई. बघा पाहिजे तर."

आणि तिनं लेकीला खांद्याला धरून पुढे केलं आणि तिची मान वाकवली, आईला बघता यावं म्हणून. घट्ट वेण्यांच्या मधला सरळ भांग. तेलाचा वास.

आता पुढचं लिहिताना मला काहीतरी व्हायला हवं, पण होत नाहीये. नुसतं लिहितेय. कारण माझ्या आईच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं होतं, "अय्या! तुम्ही मराठी?"

आनंदानं! खरंच आनंदानं. दिल्लीत कुणी मराठी भेटलं की आपल्या सगळ्यांच्या तोंडून निघतं तसंच, तोच सूर, भुवया वर. "कुठल्या तुम्ही?"

"करमाळ्याकडच्या," ती म्हणाली. "मालक रस्त्याच्या कामावर आले हुते. मग हितंच." मालक म्हणजे तिचा नवरा.

"हो का! माझी आत्या सोलापूरला असते," आई म्हणाली. मग तिची नजर त्या वाकवलेल्या मानेवर गेली. पण ओठ अजून थोडे हसरेच राहिले होते, ते खाली यायला वेळ लागला. ती मुलगी मान खाली घालून तशीच उभी होती, कारण तिला कुणी सरळ हो म्हटलं नव्हतं.

आई म्हणाली, "या ना मग घरी कधीतरी."

"येऊ की," तिची आई म्हणाली.

तेवढ्यात बाकीच्या आया आल्या, आंटी आल्या, "गुड मॉर्निंग मराठी मैडम, लिख दिया?" आणि बस आली. मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, डायरी दे इकडे. किंवा नुसती मान हलवेल. मी एक पाय पायरीवर ठेवून थांबले सुद्धा. मागून ढकलाढकली सुरू झाली. आई माझ्या बॅगेकडे बघत होती. माझ्याकडे नाही, बॅगेकडे. मग आंटींकडे बघून म्हणाली, "हाँ, लिख दिया."

आम्ही बसलो. ती शेजारी. डोकं तिकडे, नेहमीसारखं. आणि तेव्हा मला कळलं की ते का तिकडे असतं. जुलैपासून का तिकडे आहे. थालीपीठ का नको होतं. मला एकदम सगळं कळलं आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर एक माणूस गाडीची काच वर्तमानपत्रानं पुसत होता. मी तो माणूस पूर्ण बघितला, त्याचा स्वेटर, त्याची चप्पल.

ती म्हणाली, "देणारेस का?"

मराठीत. तिचा मराठी आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तो हिंदीपेक्षा थोडा जाड होता.

मी म्हटलं, "मम्मी ने बोला है." मी हिंदीत उत्तर दिलं. का ते माहीत नाही.

ती म्हणाली, "बरं."

पहिला सिग्नल गेला. मॅडम पुढून येत होत्या, रोजच्यासारख्या, "किसी का नोट है? डायरी में किसी का कुछ?" त्या रोज विचारायच्या, रोज कुणी काही द्यायचं नाही. मी बॅग उघडली. माझ्या हातानं डायरी काढली आणि दिली. मॅडमनी वाचलं, तिच्याकडे बघितलं, डायरी काखेत घेतली. मी बॅगेची चेन लावली. मग शाळेपर्यंत आम्ही पाढे म्हटले नाहीत. बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सेकंड ट्रिपला.

रोज पहिल्या तासाला, अर्ध्याच्या पुढे तास गेला की दार वाजायचं. "मे आय कम इन मॅम?" सगळा वर्ग वळून बघायचा. पहिला तास गणिताचा होता. मॅम म्हणायच्या, "आ जाओ भई, सेकंड ट्रिप," आणि मुलं हसायची. काही दिवसांनी तिचं नावच ते पडलं. ती मागच्या बेंचवर बसायची, वहीत शेजारच्याचं बघून अर्धं गणित उतरवायची. मी मागे वळून बघत नव्हते. बघायचं नाही असं ठरवलं नव्हतं. मान वळायची नाही.

डिसेंबरच्या परीक्षेत तिला गणितात माझ्यापेक्षा कमी मिळाले. मॅमनी मार्क मोठ्यानं वाचून दाखवले. मला त्याचं काही वाटलं नाही. मी वाट बघितली होती, की वाटेल.

माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली, मी तिथे बॅग ठेवायचे. कोर्टानं म्हटलं होतं तसे आम्ही एका वर्गात होतोच. ते कुणी मोडलं नव्हतं.

संक्रांतीला आईनं घरी हळदीकुंकू केलं. दिल्लीतल्या मराठी बायका लांबलांबून आल्या. नाल्यापलीकडे कुणी गेलं नाही. सकाळी मात्र आईनं मला एका छोट्या डबीत तिळाच्या वड्या दिल्या आणि म्हणाली, "तिला दे वर्गात." कुणाला ते विचारायची गरज नव्हती. त्या दिवसानंतर आम्ही घरात तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होतो, आणि शेवटचंच. मी दिली. तिनं घेतली, "थँक्यू" म्हणाली. दुसऱ्या दिवशी डबी परत आली. घासून, आणि आत चिमूटभर साखर, कारण आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. आईनं झाकण उघडून बघितलं. ती साखर तिनं सिंकमध्ये ओतली नाही, आणि साखरेच्या डब्यातही टाकली नाही. डबी तशीच ओट्यावर दोन-तीन दिवस होती. मग मुंग्या आल्या.

एप्रिलमध्ये पाचवी सुरू झाली तेव्हा ती नव्हती. सातांपैकी चार उरले होते. कुणीतरी म्हणालं ती सरकारी शाळेत गेली, कुणी म्हणालं गावाला. मी मॅमना विचारलं नाही. नाला ओलांडून जायला पाच मिनिटं लागायची, मी ओलांडला नाही. नंतर बाबांना दुसऱ्या सेक्टरमध्ये मोठं क्वार्टर मिळालं.

आई वाईट नाहीये. हे मी लिहिलं नाही तर तुम्ही कमेंटमध्ये तिला बोलाल. तिला त्या बाकाच्या मध्ये बसायचं होतं. आणि मला, मला काय हवं होतं? मला काहीच नको होतं. आईनं बॅगेकडे बघितलं, पण डायरी माझ्या हातात होती. मी "भूल गई" म्हणू शकत होते. मी आठवड्यातून तीनदा काहीतरी विसरायचे, कुणाला शंकाही आली नसती.

माझं स्टेशन निघून गेलं वाटतं. गेलंच. बसलेय अजून.

मला एवढंच विचारायचंय, आणि प्लीज खरं सांगा, छान छान नको. तुमच्यासमोर कुणाची तरी जागा अशी गेलीये का, तुमच्याच हातानं, आणि तुम्हाला तेव्हा काहीच वाटलं नाही, असं कधी झालंय का? मग नंतर वाटलं का? किती वर्षांनी?